अण्णांची गाडी आणि सुमनचा वरवंटा

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. शेजारी चांगला असला आणि स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या शेडवर उघडत असली की झालं! मंगळवार पेठेतलं आमचं घर नि अण्णांचं घर यांची भिंत एकच. भाकरी थापता थापता मी जे पाहिलं, त्यातलं निम्मं आमच्या ह्यांना अजून खरं वाटत नाही. मोबाईल घरोघरी यायच्या आधीच्या या गोष्टी. हसू नंतर आलं. तेव्हा जीव मुठीत होता.

गाडी अण्णांच्या थोरल्या भावाची, तात्यांची. एका सिनेमा कंपनीनं शूटिंगला आणलेली जुनी अमेरिकन गाडी कंपनी बंद पडल्यावर तात्यांनी घेतली. लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू झाली की माझ्या फडताळातल्या कपबशा वाजायच्या! गियर आपोआप पडायचे, क्लच नव्हताच.

एकदा तात्या मलकापूरच्या पुढचा आंबा घाट उतरत होते. उताराला इंजिनाला गाडी आवरेना, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले, जळका वास सुटला आणि पाय नुसताच खाली गेला. तात्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचले. पाय मोडला, चाल लंगडी झाली.

त्यानंतर तात्या कुठल्याच चाकावर बसले नाहीत. एस.टी. नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. एकुलती एक लेक घाटाखाली रत्नागिरीकडं दिलेली. तिच्या घराचा उंबरा त्यांनी पाहिला नव्हता. अण्णा फार मागं लागले तेव्हा म्हणाले, "जी गाडी मला घाटात सोडून गेली, ती ब्रेकाबिगर नुसत्या इंजनावर उतरवून दाव. मग बसतो."

अण्णा म्हणाले, "दावतो की!" आणि तिथून आमच्या गल्लीची झोप उडाली.

*

हातानं खालचा गियर टाकला की उताराला इंजिन गाडी धरून ठेवतं, म्हणून अपघात झालेल्या एका नव्या जीपचा पाच गियरचा गियरबॉक्स अण्णांनी भंगारातून आणला. उद्यमनगरातले बाबू मिस्त्री आले. इंजिन अमेरिकेचं, गियरबॉक्स इथला, दोघांची भोकं जुळेनात. मग मधे बसवायला एक जाड लोखंडी चकती ओतून घेतली. मागच्या चाकाकडं जाणारा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला. क्लचसाठी तिसरं पेडल लावलं आणि गियरचा दांडा वर काढायला गाडीच्या तळाला भलं मोठं भोक पाडलं.

एका दुपारी शेडमध्ये सामसूम. म्हटलं, बघून तरी येऊ. दार उघडून आत वाकले, तर सीटच्या मधून, जमिनीतून यावा तसा एक काळाकुट्ट हात वर आला! बोटं चाचपडत माझ्या पदराकडं आली आणि त्यांनी पदर धरला!

मी अशी किंचाळले की गल्लीतली कुत्री उठली.

खालून मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आक्का, वरडू नगासा. त्यो चौदाचा पाना द्या की हिकडं!"

*

गाडी पहिल्यांदा सुरू करायचा दिवस. अण्णांची बायको सुमन, माझी मैत्रीणच ती. तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि देवाचं नाव घेत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "आक्का, मला न्हाय बघवत."

अण्णांना सवय बिनक्लचच्या जुन्या गियरची. क्लच नावाची वस्तू पायाखाली आहे हेच ते विसरले. गाडी गियरमध्ये, आणि फिरवली किल्ली!

गाडीनं बेडकासारखी उडी घेतली ती थेट भिंतीवर. आमच्या फळीवरचे डबे धडाधडा खाली. हळद, मीठ, रवा सगळं एक झालं, आणि त्यात आम्ही दोघी बसलेल्या!

मी बाहेर पळाले तर अण्णा स्टिअरिंगला मिठी मारून हसताहेत. मिस्त्रींना ओरडून सांगताहेत, "बसला की ओ! गियरबॉक्स बसला!"

*

गाडीचा जुना दांडा पुढं ढकलला की चाकं जाम व्हायची. नव्या दांड्याला तसलं काही नाही. अण्णांनी एका संध्याकाळी दारात गाडी उभी केली, सवयीनं दांडा पुढं सारला, हँडब्रेक ओढला नाही आणि चहाला घरात गेले.

आमच्या गल्लीला उतार आहे. खाली कोपऱ्यावर म्हशी बांधून समोर धार काढून दूध देणारा कट्टा. संध्याकाळची गर्दी. माझ्या डोळ्यांदेखत गाडी हलली. आवाज नाही, आत माणूस नाही. नुसतं ते लांब नाक पुढं पुढं!

खाली कुणीतरी "आलीऽऽ!" म्हणून ओरडलं आणि माणसं फेसाळते पेले टाकून वाट फुटेल तिकडं पळाली. म्हैस मात्र जागची हलली नाही. गाडी वैरणीच्या गंजीत घुसली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

गवळी धार काढत बसलेला, त्यानं मान वळवली. काचेतून आत कुणी दिसेना. तरी म्हणाला, "पावणं, दूध पायजे तर खाली उतरून या की!"

त्या दिवसापासून सुमननं स्वतःचा वरवंटा काढला. गाडी थांबली की ही आधी उतरणार आणि तो काळा दगड चाकाखाली घालणार. गाडी निघाली की वरवंटा मांडीवर. घरात पाटा रिकामा, चटणी वाटायला माझ्याकडं!

*

हा किस्सा नव्हे, पण सांगते. शेडमध्ये कुणी नसताना तात्या लंगडत आले. गाडीभोवती हिंडले. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरच्या जागेवर बसले. इंजिन बंद. मोडलेल्या पायानं क्लच दाबायचे, सोडायचे, दाबायचे. दांडा एकेका गियरात घालून बघताना ते मला खिडकीतून दिसत होते.

मी खिडकी हळूच लोटून घेतली. तव्यावरची भाकरी करपली.

*

आणि मग तात्यांच्या लेकीला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आलं. अण्णा म्हणाले, "तात्या, आता?" तात्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. मागं सुमन, वरवंटा आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण सुमनच्या सोबतीला कुणी नको का?

मलकापूर मागं पडलं. घाटाच्या तोंडाशी तात्या म्हणाले, "थांबीव."

गाडी थांबली. सुमननं उतरून वरवंटा चाकाखाली घातला. चाकाला हळदकुंकू वाहिलं, त्यातलं बोटभर वरवंट्यालाही लावलं. तात्या खाली उतरून दरीकडं बघत उभे राहिले. अण्णांच्या कपाळावर घाम. शेवटी तात्याच गाडीत बसले. "चल. सेकंडात घाल. काय बी झालं तरी न्यूट्रल करायची न्हाय."

सुमननं दगड ओढून बाजूला केला, घाईनं आत बसली आणि अण्णांनी गाडी सोडली.

काय ते इंजिन ओरडत होतं! मी सुमनचा हात धरलेला, तिनं माझा. तात्या नाक वर करून हवा हुंगत होते. जळका वास येतो का, एवढंच. जिथं गाडी डोंगराला घातली होती ते वळण आलं. अण्णांचा पाय ब्रेककडं गेला.

तात्या म्हणाले, "इंजनाला धरू दे की रं."

अण्णांनी पाय काढला. इंजिननं गाडी धरली.

खाली साखरप्याला थांबलो. तात्या लंगडत चाकापाशी गेले, तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. "तापलं न्हाय. हात ठेवता येतोय," म्हणाले आणि तोंड फिरवून चहाच्या टपरीकडं गेले. इतक्यात सुमन किंचाळली, "माझा वरवंटा!" वर घाटातच राहिला होता. भीतीपायी कुणाला सुधच नव्हती.

बारसं झालं. तात्यांनी नातवाला खाली म्हणून ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी परत निघालो. घाट चढून वर आलो तर रस्त्याकडेला ट्रक थांबलेले. सुमन म्हणाली, "हितंच की! थांबा, बघते." आम्ही सगळेच उतरलो.

वरवंटा होता. पण उभा रोवलेला! हळदकुंकवाचं बोट कुणीतरी चांगलं मळवटाएवढं केलेलं. भोवती दगडांचं कोंडाळं, पुढ्यात उदबत्त्या, फुलं, नारळाच्या करवंट्या. एक ट्रकवाला हात जोडून उभा होता. आम्हाला बघून म्हणाला, "पावणं, हितं हात जोडल्याबिगर घाटात गाडी घालू नगासा. लई कडक देवी हाय!"

सुमनचं तोंड उघडंच राहिलं. तात्यांनी मात्र चपला काढल्या. लंगडत पुढं गेले आणि वाकून त्या दगडापुढं डोकं टेकलं.

सुमन हळूच त्यांच्या कानाशी म्हणाली, "तात्या, अवो, आपला वरवंटा हाय त्यो!"

"म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "नारळ आण."