आंटींच्या हातावरची चापट

गावी, जालन्याकडं, कन्फेशनला, म्हणजे फादरपुढं पापं कबूल करताना, काय सांगायचं ते शाळेतल्या सिस्टरनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. खोटं बोलले, प्रार्थना चुकवली, आईचं ऐकलं नाही. शाळा सातवीत सुटली, पण हे पाठ राहिलं. अंधेरीत येऊन अठरा वर्षं झाली तरी चर्चमध्ये फादरच्या जाळीपुढं गुडघे टेकले की तोंडातून तेच निघायचं.

मरोळच्या गावठाणात एका म्हाताऱ्या बाईंना मी सांभाळते. आंटी म्हणते त्यांना. नवरा वारल्यावर मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनी मागची खोली दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. आता त्यांना स्वतःची मुलगीही ओळखू येत नाही. त्या मंगळवारी त्यांनी तिसऱ्यांदा पेज माझ्या अंगावर थुंकली आणि मी त्यांच्या हातावर चापट मारली. जोरात. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, ऑफिसात होती. कुणी पाहिलं नाही.

शनिवारी कन्फेशनला गेले. नेहमीचं म्हटलं. फादर मध्येच म्हणाले, "आईचं ऐकलं नाही? वय काय तुझं?"

"एक्केचाळीस."

"आई कुठं असते?"

"वारली, फादर. सहा वर्षं झाली."

पलीकडं हसू दाबल्याचा आवाज आला. मग हळू म्हणाले, "बरं. आता जिवंत माणसांचं सांग."

मी चापटीचं सांगितलं.

"तिच्यावर माया आहे तुझी?"

"आहे ना, फादर! म्हणून तर तोंड दाखवायची लाज वाटते."

"माया नसती तर तू हे विसरून गेली असतीस. ज्याच्यावर माया करायची त्यालाच आपण दुखावतो, पाप ते. देव माफ करतो. घरी गेल्यावर काय करायचं ते तू ठरव."

घरी जाऊन आंटींचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "कोण गं तू? जेवलीस का?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि माझी खोलीही राहिली असती. रविवारचा अख्खा दिवस तसाच काढला. पण ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या वतीनं कुणीतरी सांगायलाच हवं, आणि ते माहीत असणारी मी एकटीच होते.

संध्याकाळी ताई कपडे वाळत घालत होत्या. "ताई, मंगळवारी मी आंटींना मारलं."

त्यांच्या हातातली चादर खाली पडली. "काय?" ती उचलून म्हणाल्या, "पुन्हा हात उचललास तर त्याच दिवशी बॅग भरायची. कळलं?"

"कळलं."

"आणि एवढी थकेपर्यंत गप्प का बसतेस गं? मला फोन करता येत नाही?"

राग अजून येतो. खोटं कशाला बोलू? आला की वाटी खाली ठेवते, बाहेर ओट्यावर येते आणि ताईंना फोन लावते. पेज गार होते. मग गरम करून पुन्हा भरवायला बसते.