हबीब मिस्त्रींची पहिली रायफल

चिखलीचे हबीब मिस्त्री तीस वर्षं परवान्याच्या बंदुका दुरुस्त करत आले. बिघडलेली बंदूक हातात आली की ती बनवणाऱ्याला ते मनसोक्त शिव्या घालायचे. या वेळी बनवणारे ते स्वतःच होते.

धाडचे शेतकरी पुंजाजी बंदूक हवीच म्हणून हट्टालाच पेटले होते. बीटी बियाण्यानं बोंडअळी आवरली, पण कपाशी लोळवणारी रानडुकरं कोण आवरणार? वडिलांची जुन्या मापाची सात काडतुसं त्यांच्या पेटीत होती आणि त्या मापाची बंदूक आता कुठंच मिळत नव्हती. म्हणून मिस्त्रींनी रीतसर परवानगी काढून एका वेळी एकच काडतूस घेणारी एकबारी रायफल घडवली.

चाचणीच्या दिवशी त्यांनी ती गाडीच्या चाकाला बांधली आणि तिच्या चापाला बांधलेली दोरी घेऊन पुंजाजींसोबत बांधाआड बसले. दोरी ओढली, तर नुसतं टक झालं.

जुनं काडतूस उशिरानंही उडतं, म्हणून शंभर मोजून मगच जवळ जायचं, असं अब्बांनी शिकवलं होतं. मिस्त्रींनी तीनदा शंभर मोजले. मग जाऊन एका हातानं रायफल उघडली. आत काडतूसच नव्हतं.

"डावी मूठ उघडा," मागून त्यांची बायको जहांआरा म्हणाली.

मुठीत काडतूस होतं, घामानं भिजलेलं.

पुंजाजी हसले नाहीत. "मिस्त्री, तुमाले भेव वाटून राह्यलं काय?"

"हाव," मिस्त्री म्हणाले. "आता शिव्या कोणाले देऊ?"