पॅडलखालचं लाकूड

गेल्या रविवारी धारूरला गॅरेजमध्ये एक गोष्ट कळली. चार दिवस झाले, अजून नीट उमगलेली नाही... म्हणून लिहून बघते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन आठ महिने झाले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मागे त्यांची जुनी पद्मिनी गाडी राहिली. आता ती मी चालवते... म्हणजे शिकत शिकत चालवते.

आईचं माहेर दिंद्रुड. धारूरहून जाताना घाट उतरायचा, तेव्हा काही वाटत नाही. येताना चढावर गाडीचा जीव जातो. अण्णा पहिल्या गियरमध्ये हळूहळू वर आणायचे, आम्ही भावंडं 'अण्णांची बैलगाडी' म्हणून चिडवायचो. मला तेही जमेना. मागच्या महिन्यात वळणावर बंदच पडली. मागे उसाचे दोन ट्रॅक्टर, आणि आई खाली उतरून चाकाला दगड लावतेय...

भावाने पुण्याहून सांगून टाकलं, "विकून टाक. गिऱ्हाईक मी बघतो." मी म्हणाले, एकदा इंजिनाचं काम करून बघू. घाट न थांबता चढली तर ठेवायची, नाही तर द्यायची. तसं ठरलं.

रफिकचाचा अण्णांचे नेहमीचे मेकॅनिक. त्यांना विचारलं, हिची पॉवर वाढेल का?

"बेटा, पॉवर दोन तऱ्हेची. एक पळायची, एक ओढायची. तुला कोणती पाहिजे?"

 घाट चढायची, मी म्हणाले.

"मग ओढायची. मास्तरबी हेच मागायचे. स्पीड नको, अर्ध्या पॅडलवर जास्त ओढली पाहिजे म्हणायचे. कावून, विचारलं तर नुसते हसायचे."

पंधरा दिवस गाडी तिथेच होती. व्हॉल्व्हची सेटिंग झाली, पॉइंट बदलले, टायमिंग थोडं पुढे घेतलं, कार्बोरेटर खोलून जेट बदलले. चाचा बॉनेटमध्ये वाकून हाताने कार्बोरेटरची, म्हणजे पॅडल दाबलं की हलते ती, दांडी ओढायचे तेव्हा इंजिन असं गर्जायचं की शेजारचा चहावाला कानावर हात ठेवायचा. रस्त्यावर घेतली की पुन्हा तेच... रडगाणं.

"इथं पैलवान अन् रस्त्यावर आजारी," चाचा वैतागले. "लई गाड्या बघितल्या, असली न्हाई बघितली."

रविवारी मी आईला घेऊन गेले. ती बाहेर खुर्चीवर बसली. चाचा स्वतः सीटवर बसले आणि मला बॉनेटजवळ उभं केलं. मी ॲक्सिलरेटरचं पॅडल दाबतो, दांडी कुठवर जाते बघ, म्हणाले.

दांडी अर्ध्यात थांबली.

"पूर्ण दाबा ना चाचा."

"पूर्णच दाबलंय की!"

मी हाताने ढकलली तर ती आरामात पुढे गेली. चाचांनी खाली वाकून मॅट उचललं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा होता... साबणाच्या वडीएवढा.

"या अल्ला... हे कुणाचं काम हाय?"

"माझं," बाहेरून आई म्हणाली.

मग तिने सांगितलं. मी लहान असताना अण्णांनी घाटात ट्रकला ओव्हरटेक केलं होतं आणि समोरून एसटी आली होती. थोडक्यात वाचलो. मला काहीच आठवत नाही, मी मागे झोपले होते म्हणे.

"किती सांगितलं, ऐकंनात," आई म्हणाली. "मग सरपणातलं बाभळीचं लाकूड घेतलं अन् गुपचूप मॅटखाली सरकवलं. त्यास्नी वाटलं गाडी म्हातारी झाली."

चाचा पोट धरून हसले. "भाभी, आमी इंजिन खोलत बसलो अन् करामत तुमची!"

मग ते ठोकळा काढायला गेले, तर तो हलेना. मोबाईलचा टॉर्च मारला. ठोकळ्याला दोन स्क्रू होते... डोकी लाकडात नीट बुडवलेली, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या.

"स्क्रूबी तुमीच मारले?"

आई उठून आली. वाकून बघितलं.

"न्हाई. मी नुसतं सरकवलतं."

असे स्क्रू आमच्या घरात एकच माणूस मारायचा. देवघराची फळी, माझं अभ्यासाचं टेबल... सगळीकडे तशीच बुडवलेली डोकी आहेत.

म्हणजे अण्णांना सापडलं होतं. त्यांनी ते काढलं नाही, सरकू नये म्हणून उलट पक्कं केलं. आणि वर्षानुवर्षं चाचांकडे जाऊन त्या अर्ध्या पॅडलमध्येच गाडी जास्त कशी ओढेल ते बघत राहिले...

"कळलं होतं तर ते तुला बोलले का नाहीत?" मी आईला विचारलं.

"मी तरी कुठं बोलले."

चाचा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन थांबले. काढू का ठेवू?  काढावं तर अण्णांनी बसवलेलं, ठेवावं तर गाडी जाणार. मी आईकडे बघत होते, आई ठोकळ्याकडे.

"काढा," ती शेवटी म्हणाली. "हिला घाट चढायचाय."

ठोकळा तिने पदराने पुसला आणि पिशवीत टाकला.

आम्ही दोघी घाट उतरलो, खाली गाडी वळवली आणि परत निघालो. दुसऱ्या गियरमध्ये निम्मा चढ सहज आला. मागच्या वेळच्या वळणावर माझा पाय आपोआप ढिला पडला.

"दाब की गं," आई म्हणाली. "अजून दाब. भितीस कावून?"

दाबलं... चढली. वर पोचल्यावर भावाला मेसेज केला, गाडी ठेवतेय.

आई काचेबाहेर बघत होती. मग म्हणाली, "एवढी पळत होती... अन् त्यांनी हळूच चालवली." तिला वाईट वाटत होतं की बरं, मला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. विचारलंही नाही.

मला एवढंच माहीत आहे की लहानपणी मी त्या गाडीत निवांत झोपायचे... आणि दर वेळी घरीच जाग यायची.