घर पाहायला आलेली बाई

गोंदिया स्टेशनबाहेर पाऊल ठेवलं आणि पहिल्याच रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, अकेले?"

हा प्रश्न मला कुठल्याच भाषेत आवडत नाही. "माणसं मागून येतायत," असं ठोकून दिलं आणि सॅक पोटाशी धरून रिक्षात बसले. मी मिरजेची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि मग पाठीवर सॅक टाकून एकटीच फिरायला लागले. नुकतीच झांबिया आणि मलावी करून परतले होते. तिकडे एका गोड बोलणाऱ्या माणसाने बसमध्ये माझी सॅक धरायला घेतली, ती कायमचीच. शिवाय एका लॉजमध्ये दोन दिवस पोट धरून पडले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर गोंदियात पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

तरी दिवाळी संपल्या संपल्या निघालेच. कचारगडच्या गुहा पाहायच्या राहिल्या होत्या. गोंदियात एक दिवस काढला, नागऱ्याचं जुनं महादेवाचं देऊळ पाहिलं, बाहेर नारळवाल्याशी हुज्जत घातली आणि दुसऱ्या सकाळी लोकल गाडीने दरेकशाला उतरले.

गाडीतून दोन्ही बाजूंना पिवळ्या पडलेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) दिसत होत्या. कापणी सुरू होती. पुढे साल आणि बांबूचं जंगल दाट झालं. गुहेचा चढ दमवणारा आहे, पण इतका दम मला लागायला नको होता. गुहेच्या तोंडाशी गार हवा अंगावर आली आणि मी कुडकुडले. खाली उतरले, भर उन्हात चालू लागले, तरी दात वाजतच होते. आदल्या रात्रीच्या हॉटेलातल्या डाळीचा मला संशय आला. मग नागऱ्याच्या नारळाचा. वाट चुकले ती त्याच तंद्रीत.

ज्या गावात पोहोचले तिथे मंडई होती. इकडे दिवाळीनंतर गावोगाव अशी जत्रा भरते. पाळणे, बांगड्यांची दुकानं, गरम भज्यांचा वास, आणि घराघरांत ओसंडून वाहणारे पाहुणे. मी हातपंपाच्या ओट्यावर टेकले. पाणी भरायला आलेली एक बाई माझ्याकडे निरखून पाहत होती. हिरवी साडी, कपाळावर मोठं कुंकू.

"कोनाघरी आल्या ताई तुमी?"

"कोणाकडे नाही."

"कोन्या गावच्या?"

"लांबच्या."

"एकल्याच आल्या? काऊन?"

आता हिला माझं गाव, नाव, सोबत कशाला हवीत? मी म्हटलं, "असंच. गाव बघायला." बाईचा चेहरा एकदम बदलला. तिने घागर तिथेच ठेवली, माझी सॅक उचलली आणि म्हणाली, "घरी चला. उन्हात कायले बसून राहिल्या?"

सॅक तिच्या हातात होती, म्हणून मला मागे जावंच लागलं.

तिचं नाव वंदनाताई. नवरा टेकचंदभाऊ, शेतकरी. प्रणाली नावाची मुलगी, नर्सिंगचा कोर्स संपवून घरी आलेली. त्यांनी माझे पाय धुवायला गरम पाणी दिलं. खाटेवर कोरी चादर टाकली, तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. ताटात भात, लाखोळीची डाळ, वडे, अनारसे. लाखोळीची डाळ (या भागातली स्वस्त डाळ) खाऊन पाय लुळे पडतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तिच्यात बोट बुडवून नुसतं चाटलं. वंदनाताईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

टेकचंदभाऊ मला घर दाखवत सुटले. नवा पत्रा, नवं संडास, गोठा, विहिरीवरची मोटर. "पाण्याची काईच तकलीफ नाई आमच्याकडे," असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. अनोळखी बाईला कोणी मोटर चालू करून दाखवतं का? अति तेथे माती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ही माणसं माझ्याकडून काहीतरी काढणार, एवढं नक्की झालं. काय काढणार, ते कळत नव्हतं.

संध्याकाळी ताप भडकला. मला आतल्या खोलीत निजवलं, अंगावर दोन वाकळा घातल्या. बाहेर कोणीतरी विचारलं, "पाव्हनी दिसून नाई राहिली?" त्यावर वंदनाताई म्हणाल्या, "थकली आहे, झोपली." मग दार बंद झालं. मी ग्लानीत गेले.

सकाळी घामाने भिजून जागी झाले आणि दार ढकललं. बाहेरून कडी होती.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? मोबाईल मेला होता, सॅक दुसऱ्या खोलीत होती आणि मी या गावात आहे हे जगात कोणालाही ठाऊक नव्हतं. तेही माझ्याच हुशारीमुळे. दुपारपर्यंत थंडी पुन्हा भरणार हे दिसत होतं. असा ताप अंगावर काढला तर माणूस जातो, एवढं प्रवासाआधी पुष्कळ वाचलेलं होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

प्रणालीने दार उघडलं. तिच्यामागे वंदनाताई पदराने तोंड दाबून उभ्या होत्या.

"मला का कोंडलंत? काय पाहिजे तुम्हाला?"

"कोंडलं नाई जी," प्रणाली म्हणाली. "लोकं आत डोकावून राहिले होते, म्हनून कडी लावली. तुमी आमगाववाल्याइकडून आल्या ना? पोराच्या आत्या?"

"कोणता पोरगा?"

माझं तोंड पाहून तिलाच सगळं उमगलं. आमगावचं एक स्थळ तिला आलं होतं. मंडईच्या दिवसांत पाहुण्यांच्या गर्दीत मुलाकडचं एखादं माणूस गुपचूप येऊन मुलीचं घर पाहून जातं, ही इकडची रीतच. एकटी, वयाने मोठी, लांबची, नाव-गाव न सांगणारी बाई. मी आत्या नाही तर कोण असणार?

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

यावर वंदनाताई बोलल्या. "कशी नेऊ जी? आमच्या घरी जेवली आन बिमार पडली, असं गावात झालं असतं. माझ्या सासूले लोकं कायबाय म्हनत होते, नजर लावते म्हनून. सासू मेल्यावर ते बंद झालं. आता पोरीचं जमून राहिलं, आन पुन्हा तेच सुरू झालं तर?"

म्हणजे मी त्यांच्या डाळीवर संशय घेत होते, आणि त्या स्वतःच्या उंबऱ्यावर. ताप होताच, त्यात लाजही वाटली.

"आई, ही बाई इथंच मेली तर लोकं काय म्हनतीन?" प्रणालीने एवढंच विचारलं आणि स्कूटी काढली.

गावाला दिसू नये म्हणून मागच्या पांदीने, शेतातल्या वाटेने जा, असं टेकचंदभाऊ सुचवत होते. पण मला धड बसताही येत नव्हतं आणि पांदीत खड्डे होते. प्रणालीने मला ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि स्कूटी सरळ मंडईतून नेली. बांगडीवाले, पाळणेवाले, झाडून सगळं गाव वळून बघत होतं. कोणीतरी ओरडलं, "काय झालं वो पाव्हनीले?" तिने मान वळवली नाही, पण तिची पाठ ताठ झालेली मला जाणवली.

तालुक्याच्या दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर म्हणाले, "मलेरिया आहे. महिनाभरात कुठे बाहेर गेला होतात?"

"मलावीला."

"तिथल्या प्रतिबंधक गोळ्या परत आल्यावरही घेतल्यात ना?"

घेतल्या नव्हत्या. घरी आले म्हणजे संपलं, असं समजून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या होत्या. हॉटेलची डाळ, नारळ, लाखोळी, सगळे निर्दोष सुटले. आजार मीच रक्तातून घेऊन हिंडत होते.

सलाईन चालू असताना प्रणाली शेजारी बसली होती. मी विचारलं, "मुलगा आवडलाय का तुला?"

"फोटो पाहिला." ती सलाईनच्या थेंबांकडे बघत होती. "ते आमचं घर पाहतेत. नळ पाहतेत, संडास पाहतेत, आजीले कोन काय म्हनत होतं तेबी इचारतेत. त्याइचं घर कोन पाहते जी?"



बरी झाल्यावर मी परत त्या गावात गेले. मंडई उठली होती. तरी हातपंपाच्या ओट्यावर बसून, पाण्याला आलेल्या प्रत्येक बाईला माझं नाव, गाव आणि मलावीचा ताप सविस्तर सांगितला. एकीने विचारलं, मलावी आपल्या तिरोड्याच्या पलीकडे का? मी हो म्हटलं. मग घरात जाऊन लाखोळीची डाळ दोनदा मागून घेतली. पाय शाबूत आहेत.

मिरजेला परतून महिना झाला नसेल, तोच एका अनोळखी नंबरवरून फोन आला. संशयाने आधी उचलला नाही. पुन्हा वाजला.

"आमगाववरून बोलून राहिलो जी. टेकचंदभाऊनं तुमचा नंबर देल्ला. तुमी त्याइच्या घरी राहून आल्या ना? थोडं पुसाचं होतं. घर कसं आहे? लोकं कायबाय बोलतेत."

"ताप माझा होता, आफ्रिकेतून आणलेला," मी म्हटलं. "त्या मुलीने सगळ्या गावादेखत मला दवाखान्यात नेलं म्हणून आज मी फोनवर बोलतेय. घर असं आहे. आता तुमचं सांगा. मुलगा पितो का?"

तो नुसता खाकरला. मी पुढे विचारलं,

"विहिरीला मोटर आहे? संडास? घरातल्या बायका पाणी कुठून आणतात?"

"हे तुमी कायले पुसून राहिल्या जी?"

मी सॅककडे पाहिलं. ती अजून दारामागेच टांगलेली होती, धुवायचीसुद्धा राहिली होती. आयुष्यभर लोकांनी नावं ठेवलेला माझा संशयी स्वभाव पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी येणार होता.

"पत्ता सांगा," मी म्हटलं. "मी येते. घर पाहायला."