झाकण लावण्याआधी
शेजारच्यांच्या दाराला लाखेचं पॉलिश चालू आहे आणि त्या वासाने मला शनिवार पेठेतली हार्मोनियम दुरुस्तीची एक खोली आठवली. तिथल्या काकांची वेबसाइट मी नव्या सर्व्हरवर हलवली होती. सगळी पानं जुन्याच पत्त्यांवर उघडत होती, मी खुशीत होते. दहा दिवसांनी काकांचा फोन आला, "अहो, साइट हलवलीत की लपवलीत? परगावचा एक फोन नाही." सर्च करून बघितलं, तर खरंच कुठेच नव्हती. चाचणीपुरती साइट सर्च इंजिनांपासून लपवायला एक टिक करतात. साइट सुरू करताना तीच काढायला मी विसरले होते. त्यांचं निम्मं काम त्या फोनांवर चालायचं. टिक काढून मी धायरीहून स्कूटरवर तशीच निघाले, बोलणी खायच्या तयारीने. काकांनी उघड्या पेटीतून मान वर न काढता विचारलं, "झालं का नीट?" मी म्हटलं, "झालं, पण परत दिसायला काही दिवस लागतील." "लागू देत. मी एका गवयाच्या पेटीत पक्कड विसरलो होतो. ऐन मैफलीत खुळखुळली." मग भिंतीवरची एक चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. 'झाकण लावण्याआधी हत्यारं मोजा.' म्हणाले, "न्या. मला आता पाठ झालंय." आठवड्याने साताऱ्याहून फोन आल्याचं त्यांनीच आवर्जून कळवलं. ती चिठ्ठी अजून माझ्या मॉनिटरला चिकटलेली आहे, पण रोज समोर असल्याने हल्ली दिसेनाशी झाली होती. आज पॉलिशचा वास आला म्हणून, सुरू करायला घेतलेल्या एका नव्या साइटचं सेटिंग उघडून ती लपवायची टिक बघितली. तशीच होती.