दाजी फाट्यावर थांबतात

साऱ्या बीड जिल्ह्यात फाट्यावर गाडी थांबवून समोरच्याला 'आधी तुम्ही जा' म्हणणारा एकच ड्रायव्हर जन्माला आला, आणि तो नेमका आमच्या आक्काला नवरा म्हणून मिळाला. आमच्याकडे कुणी आधी जायचं हे गाडी कुणाची मोठी, हॉर्न कुणाचा मोठा आणि चुलता कुणाचा मोठा, यावरून ठरतं. आपणहून थांबलेला माणूस दिसला की लोकांना वाटतं, याचं डिझेल संपलं. दाजी थांबले की मागचे लोक बिचारे ढकलायला उतरायचे. "काय झालं, डायव्हर?" "काय न्हाई, बैलगाडीला जाऊ द्यावं म्हणलं." यावर लोक जे बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. दाजी मात्र खिडकीतून हात बाहेर काढून, पंगतीला आलेल्या पाहुण्याला पाट दाखवावा तशा अदबीनं समोरच्याला रस्ता दाखवत राहायचे. लायसन काढताना कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. ते ऐकून सोडून द्यायचं असतं, हे सांगायला मात्र तो माणूस विसरला.

त्या काळी दाजी सहकारी साखर कारखान्यात चेअरमनची जीप चालवत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी आणि मागं घड्याळाकडे बघत चरफडणारे चेअरमन, असा तो थाट होता. गाळपाचे दिवस असले की उसाच्या गाड्यांची रांग संपेपर्यंत जीप फाट्यावर उभी. चेअरमननी तेही सोसलं. पण ऐन निवडणुकीत विरोधी पॅनलच्या पुढाऱ्याची जीप समोर आली आणि दाजींनी तिलाही हात केला. ती धुरळा उडवत पुढे गेली, आणि दिवस मावळायच्या आत चेअरमननं वाट सोडल्याची बातमी तालुकाभर झाली. "आरं, कावून थांबलास बे? इज्जत घालवलीस माझी!" चेअरमन ओरडले. "साहेब, ते उजवीकडून आले होते," दाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना जीपवरून ट्रकवर पाठवलं.

मग पाऊसच आला नाही. पालीचं धरण तळाला गेलं, ऊस वाळला, कारखान्याची चिमणी थंड पडली. कारखान्याच्या ट्रकांवर टाक्या बसवून गावोगाव पाणी वाटायचं ठरलं, आणि दाजींकडे त्यांच्याच गावचा टँकर आला. इथून पुढे त्यांच्या थांबण्याचं कुणाला हसू येईना. ते फाट्यावर थांबले की दुसऱ्या गावांचे टँकर पुढे जाऊन विहिरीवर पाणी भरायला नंबर लावत, आणि गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसून राहत. "डायव्हरबाबा, वाटंनं कुणाकुणाच्या पाया पडत येता?" असं विचारत. एकदा वाट बघताबघता एक म्हातारी चक्कर येऊन पडली. आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण तोंडावर मारायला पाणी नव्हतं. म्हातारी वाचली. घरी आल्यावर आक्का दाजींना म्हणाली, "साऱ्या जगाला वाट देता, अन् आमच्या घागरीला न्हाई. उद्या कुठं थांबलात तर घरी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये होतो. फाट्यावर उजवीकडून मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. दाजींनी हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. मेंढरं बिथरली, धनगर हातवारे करत धावला, आणि एक गाभण मेंढी चाकाखाली आली. दाजी उतरले आणि हात जोडून उभे राहिले. त्या धनगरानं शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तो मेंढीशेजारी बसला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमचा काय दोष न्हाई, मालक. टँकर येतोय म्हणल्यावर मीच थांबाया पायजे होतं. जावा, पानी पोचू द्या आदी."

पाणी वेळेवर पोचलं. बायांनी दाजींचं तोंडभरून कौतुक केलं. "आज कसं शाण्यासारखं आले!" दाजी न जेवताच कारखान्याच्या ऑफिसात गेले आणि टेबलावर किल्ली ठेवली. "कावून सोडता?" तिथल्या साहेबांनी विचारलं. दाजी म्हणाले, "मी सगळ्यांसारखं चालवाया लागलो."

पुढं पाऊस झाला, चिमणी पुन्हा धूर सोडू लागली, कारखान्यातून दोनदा बोलावणं आलं. दाजी गेले नाहीत. तो धनगर आता दरवर्षी त्यांच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवतो. आक्का चहा आणते. दाजी म्हणतात, "घ्या." तो म्हणतो, "तुमी घ्या आदी." चहावर साय धरते, आक्का कपाळाला हात लावते. मेल्या मेंढीचं नाव दोघांपैकी एकही काढत नाही.

कळप निघाला की दाजी फाट्यापर्यंत सोबत जातात आणि मेंढरं पार होईपर्यंत रस्त्याच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभे राहतात. गाड्या थांबत नाहीत. हॉर्न देत, शिव्या घालत, त्यांना चाटून जातात. परवा मी लांबून बघत होतो. शेवटचं कोकरू पलीकडे गेलं तसे दाजी डोळ्यांतला धुरळा पुसत माझ्याकडे आले.

"एक टरकवाला थांबला होता, बरं का," ते म्हणाले.