गॅरेजमधली रोमची फरशी

ये, अशी जवळ बस. म्हणजे निदान हा कागद तरी जवळ घे. फोनवर तू दर रविवारी विचारतेस, "मावशी, इटली कशी झाली?" आणि मी तोंड उघडलं की तुझा कुकर होतो, नाहीतर दारात कुणीतरी येतं. पामर्स्टन नॉर्थला गेल्यापासून तुला माणसाचं पूर्ण वाक्य ऐकायची सवयच राहिली नाही बघ. म्हणून लिहिते. आता कर काय करायचं ते.

गुडघ्याचं तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, ख्रिसमसनंतर बदलायचा, आणि बदलला की उकिडवं बसणं बंद. म्हणजे यंदाची रांगोळी ही जमिनीवर बसून काढायची माझी शेवटची. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण लेकीच्या लक्षात आलं असावं. एक दिवस म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी तुला रोम दाखवून आणते." सप्टेंबरात गेलो.

नावाजलेली ठिकाणं रांगा लावून पाहिली. त्यातलं फार काही डोक्यात राहिलं नाही. राहिलं ते एका गल्लीतलं जुनं चर्च. बाहेरून विटांचं गोदाम वाटावं असं. दारात मी सवयीने चपला काढल्या.

"आई, इथे कुणी काढत नाही गं. घाल ना."

"कुणी काढत नाही म्हणून मी काढू नये, असा कायदा आहे का?" म्हटलं, आणि शिरले आत.

आत खांबांच्या दोन रांगा. नीट पाहिलं तर एकाला एक जुळत नाही. एक जाडा, एक सडपातळ, एकावर उभ्या पन्हळी, शेजारचा गुळगुळीत. लेकीने फोनवर वाचून सांगितलं, पडलेल्या जुन्या रोमन इमारतींचे खांब उचलून आणून लावलेत. आखूड पडला त्याच्या खाली उंच दगड दिलाय. लग्नाच्या पंगतीला आपण चार घरांतून पाट मागून आणायचो ना, तसंच. वरच्या कमानी मात्र एकसारख्या, म्हणून डोळ्याला खटकत नाही.

समोर गाभाऱ्यासारखी अर्धगोल भिंत, तिच्यावर सोनेरी काचेच्या बारीक तुकड्यांचं मोठं चित्र. पण अंधार. बाजूच्या डबीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि जरा वेळाने खट्कन विझतो. दिवा लागला आणि मला हसूच आलं. चित्राच्या खालच्या पट्टीत ओळीने मेंढ्या! सहा इकडून, सहा तिकडून, मधोमध एक कोकरू.

"न्यूझीलंड सोडून एवढ्या लांब मी मेंढ्या बघायला आले होय?"

"हळू बोल, आई!" म्हणाली, पण तीही हसत होती.

मग मी खाली पाहिलं. मधे एक मोठं वर्तुळ, वांग्याच्या सालीच्या रंगाचं. चार कोपऱ्यांना चार वर्तुळं. आणि एकच पट्टा मधल्याला वेढून बाहेरच्याकडे जातो, त्याला वळसा घालून परत येतो, पुढच्याकडे जातो, कुठे तुटत नाही. पट्ट्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढे तांबडे, हिरवे, पांढरे त्रिकोण. अगं, ही तर रांगोळी! दगडाची. आता रांगोळीवर पाय कसा द्यायचा? मी आपली अंग चोरून भिंतीकडेने चालायला लागले.

"आई, शेकडो वर्षं लोक चालतायत त्यावरून."

"चालू देत. त्यांना कुणी शिकवलं नसेल."

तेवढ्यात खुर्चीवर बसलेला तिथला राखणदार उठला. माझ्याहून म्हातारा. माझ्या पायांकडे बोट दाखवत मोठमोठ्याने बोलत आला. लेकीचा चेहरा पडला. "बघ, आता ओरडा खा," म्हणत तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. फोनने भाषांतर केलं: फरशी गार आहे, बाई आजारी पडतील. मी लेकीकडे नुसतं पाहिलं.

चिमटीने रांगोळी सोडल्यासारखं करून मी त्याला सांगायला गेले. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने माझं कोपर धरलं आणि मला सरळ मधल्या वर्तुळात नेऊन उभं केलं. अनवाणी होते म्हणून पायाला कळलं. पांढरा दगड झिजून खाली बसलाय, वांगी रंगाचा तसाच वर राहिलाय, कडेसकट. लेकीच्या बुटांना यातलं काही कळलं नाही. मग त्याने हातांनी खांब दाखवला आणि सुरी चालवल्यासारखं केलं. ही वर्तुळं म्हणजे जुन्या खांबाच्या चकत्या, काकडीच्या करतो तशा!

घरी आले ती यंदाच्या रांगोळीत हीच फरशी काढायची ठरवून. इथे फ्लॅट बुशला दिवाळी वसंतात, अंगणात नुसता वारा. म्हणून गॅरेज. जावयांनी गाडी बाहेर काढली. पापाटोएटोच्या आपल्या दुकानांतून रंग आणले, पण वांगी रंग कुठे मिळेना, लाल-जांभळ्यात काळा मिसळून केला. सवयीप्रमाणे ठिपके मांडले आणि सगळं फसलं. वर्तुळं चपटी, पट्टा भलतीकडे. दोनदा पुसलं. मग तो म्हातारा आठवला. ती फरशी ठिपक्यांवर मांडलेलीच नाही. आधी चकत्या, मग भोवती पट्टा. मोठं ताट आणि चार ताटल्या आणल्या, पालथ्या ठेवल्या, कडेने रेघ फिरवली. जमलं की गं!

तीन वर्तुळांना पट्टा घातला. चौथ्याकडे वळताना गुडघा असा धरला की लेक आणि जावई दोघांनी मिळून उचललं मला. लेक म्हणाली, "मी करते पुरं." रंग तिने गाळणीने छान भरले, पण बोटांतून रेघ सुटेना. तिची चूक नाही. तिच्या वेळी मीच म्हणायची, अभ्यास कर, हे काय करायचंय. तुझी आई मात्र तुला सुट्टीत माझ्याकडे सोडायची आणि तू माझ्या शेजारी बसून रेघ सोडायचीस. माझ्यापेक्षा बारीक.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. रांगोळी तशीच आहे, भोवती खोक्यांचं कुंपण करून. बाहेरच्या गाडीवर पक्ष्यांनी काय ते करून ठेवलंय. जावयांना म्हटलं, "पुसून टाकू का?" तर म्हणतात, "असू द्या हो आई, स्वीट ॲज, काही बिघडत नाही."

पण ऑपरेशनच्या आधी मला तो पट्टा जिथून निघाला तिथे परत आलेला बघायचाय. मी खुर्चीत बसते, कुठून वळवायचा ते सांगते. रेघ तू सोड. एका वर्तुळाचं काम आहे, सकाळी बसलीस तर जेवायच्या आत होईल. पायातल्या जांडल्स गॅरेजच्या दारात काढ, आणि ये लवकर. या शनिवारीच ये.